सायकलवरून पडली नव्हतीस तू

शिरीनफुई,

तुला कबरस्तानात पोचवून पुरुषमंडळी परतली आणि आपल्या गल्लीत मांडलेल्या खुर्च्यांवर बसली. मी आत, दाराच्या पडद्यामागे, बायकांमध्ये होते. बाहेर कुणीतरी हळहळून म्हणालं, "बिचारी शिरीन. लहानपणी भावाच्या सायकलवरून पडली, तेव्हापासून तिच्या तब्येतीनं काही साथ दिली नाही."

आणि बावाजी बोलले. माझे वडील चारचौघांत बोलत नाहीत, तुला तर माहितीच आहे. हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकाशीसुद्धा खिळ्याच्या मापापलीकडे त्यांचं बोलणं जात नाही. ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझी बहीण सायकलवरून पडली नव्हती. तिचा खतना केला होता. सात वर्षांची होती ती. सायकलचं खोटं आहे. यापुढे माझ्यासमोर कुणी ते म्हणू नका."

मग ते खाली बसले. आत मम्मीनं माझा हात इतका घट्ट धरला की तिची अंगठी मला रुतली.

तुला हे आवडलं असतं का, हाच विचार तेव्हापासून माझ्या डोक्यात चालू आहे. तुला विचारून ते बोलले असते, तर तू नको म्हणाली असतीस. आपलं भांडण तरी दुसरं काय होतं?

घरात आपण आपल्या गुजराती वळणाच्या बोलीत बोलायचो. पण तुला हे मराठीतच लिहिते. मला मराठी शाळेत घालण्याचा हट्ट तुझा होता. "सोलापुरात राहायचं, तर सोलापूरशी भांडता आलं पाहिजे की," असं तू बावाजींना म्हणाली होतीस. आणि खरंच, घरात तू कधी आवाज चढवला नाहीस, पण कापडाच्या दुकानदाराशी, रिक्षावाल्याशी, वीज मंडळाच्या माणसाशी तुझी मराठी अशी कडकडीत चालायची की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. लुनावर बसलेली, आपला बोहरी बायकांचा रंगीत बुरखा, रिदा, वाऱ्यावर फडफडत असलेली, पुढे कापडाचे तागे बांधलेले, अशी तू बाजारातून जायचीस. मला मागे बसवायचीस तेव्हा मला आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटायचं.

तुझ्यावर काय गुदरलं, ते तू मला एका बैठकीत कधी सांगितलं नाहीस. काजं करता करता, दोरा तोडता तोडता, थोडं थोडं सांगितलंस. मी मोठी झाल्यावर ते तुकडे जोडले.

सात वर्षांची होतीस. दादीमा, म्हणजे तुझी आई, तुला नवा फ्रॉक घालून एका बाईच्या घरी घेऊन गेली. जाताना आइस्क्रीम देईन म्हणाली. आपल्या बोहरी समाजात कितीतरी घरांत मुलगी सात वर्षांची झाली की तिच्या नाजूक जागचा भाग कापतात. त्यानं मुलगी सुशील राहते असं म्हणतात. हे फक्त बायकाच बायकांना सांगतात, पुरुषांच्या कानावर जात नाही. त्या बाईच्या मागच्या खोलीत दोघींनी तुला धरलं. नंतर रक्त थांबेना. दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी काय सांगायचं, तर मुलगी पडली. आणि आदल्या दिवशीच तू भावाच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून खरंच पडली होतीस. गुडघा खरचटला होता, तेवढंच.

त्यानंतर तुला लघवीची भीती बसली. आग व्हायची, ताप यायचा, म्हणून तू पाणीच पीत नव्हतीस. सोलापूरच्या उन्हाळ्यात! शाळेत बाटली भरलेली न्यायचीस आणि भरलेलीच परत आणायचीस. दर थोड्या दिवसांनी तापानं पडायचं, शाळा बुडायची. नववीत नापास झालीस आणि शाळा सुटली. गणितात हुशार असलेली तू! माझी बारावीची जमाखर्चाची गणितं तोंडी तपासायचीस, तेव्हा मला कळायचं काय वाया गेलं ते.

मग लग्न. गुजरातेतल्या एका गावात दिली तुला. त्या माणसाबद्दल तू कधी वाईट बोलली नाहीस. "त्याला काही कळत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं," एवढंच म्हणायचीस. त्यानं हात लावला की तुझं अंग दगडासारखं व्हायचं. दुखायचं. सासू म्हणाली, ही थंड आहे, हिला मूल होणार नाही. दोन वर्षांच्या आत तू ट्रंक घेऊन सोलापूरला परत आलीस. लोकांनी कुजबुज केली. बावाजींनी काही न विचारता तुला शिलाई मशीन आणून दिलं.

त्या मशीनवर तू काय उभं केलंस, ते मी पाहिलंय. आधी एक खोली, मग दोन. आधी एकटी, मग बरोबर शिवणाऱ्या बायका. शहरातल्या निम्म्या बोहरी बायकांचे रिदा तुझ्या हातचे असायचे. लेस लावताना टाका वर दिसला की उसवून परत. मी एकदा म्हटलं, "फुई, कुणाला दिसणार आहे?" तू चष्म्यावरून बघितलंस आणि म्हणालीस, "मला दिसला ना." मला किती राग यायचा तुझ्या त्या उसवण्याचा! आज माझ्या हाताला तीच सवय लागलीय.

माझ्यावर ती वेळ आली ती अशी. मी दुसरीत होते. मम्मी तुझ्या खोलीवर आली, साडीला फॉल लावायचाय म्हणाली. आपल्या घरात साडी कोण नेसतं? तू काय ते समजलीस. मम्मीनं खाली बघत सांगितलं, "शिरीनबेन, गुरुवारी अरवाला नेणार आहेत. मला सासूबाईंसमोर बोलता येत नाही." आणि ती साडी तिथेच टाकून निघून गेली. आपण दोघी मम्मीला भित्री म्हणायचो. पण सगळी सुरुवात त्या साडीनं झाली, हे तू शेवटपर्यंत मान्य करायचीस.

बुधवारी तू मला शाळेच्या मधल्या सुट्टीत घेऊन गेलीस. एसटी स्टँडवर गेलो, वैरागच्या गाडीत बसलो. मला वाटलं सहल आहे. वैरागला तुझी मैत्रीण सुमनमावशी राहायची. तुम्ही दोघींनी सोलापुरात शिवणाचा कोर्स एकत्र केला होता. तिच्या शेतात ज्वारी उभी होती, हुरड्याचे दिवस होते. तिनं मला बघितलं आणि तुला विचारलं, "पोरगी भावाची व्हय? आनि अशी न सांगता आनलीस? काय झालंय गं?"

तू तिला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलंस. सुमनमावशी परत आली आणि तिनं मला पोटाशी धरलं. "ऱ्हाऊ दे हितं," ती म्हणाली. "कोन येतंय ते बगते मी. तू जा, भावाशी बोल जा."

मी तिथे हुरडा भाजत बसले होते, तेव्हा तू एकटी परत निघालीस. तुला किती भीती वाटली असेल, याचा विचार मी फार उशिरा केला. भाऊच तुझा आधार होता. राहायचं घर त्याचं, मशीन त्यानं दिलेलं. त्याची मुलगी तू न विचारता पळवली होतीस.

दुकानात काय झालं, ते मला बावाजींनी सांगितलं. तू कधीच सांगितलं नाहीस. तू काउंटरपाशी उभी राहिलीस. बावाजी घाबरे झाले होते, शाळेतून निरोप आला होता.

"अरवा माझ्याकडे आहे," तू म्हणालीस. "भाई, उद्या तिला कुठं नेणार आहेत, माहितीय तुला?"

"कुठं?"

"मला नेलं होतं तिथं. मी दवाखान्यात होते, आठवतं?"

बावाजी म्हणाले, "आठवतं ना. माझ्यामुळे होतीस तू दवाखान्यात."

तुला कळेना. "तुझ्यामुळे?"

"सायकलवरून मी पाडलं तुला. आपल्या बावानं मला पट्ट्यानं मारलं होतं. आत काहीतरी फाटलं, मुलीची जात, म्हणून आपली आई रडत होती. नंतर तुझं लग्न मोडलं, मूल झालं नाही..."

फुई, त्या क्षणापर्यंत तुला ठाऊक नव्हतं की तुझा भाऊ दहा वर्षांचा असल्यापासून ते ओझं घेऊन जगतोय. घरच्या बायकांनी खोटं एकच सांगितलं होतं, पण ते बसलं दोन मुलांवर. तू गिऱ्हाइकाला "नंतर या" म्हणालीस, शटर ओढलंस, आणि भावाला काय झालं होतं ते पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं सांगितलंस. बावाजी म्हणतात, "ती सांगत होती आणि मीच रडत होतो. तीच मला पाणी देत होती."

ते मोटारसायकलवरून वैरागला आले, ते मला आठवतं. अंगणात बाजेवर बसले आणि मला मांडीवर घेतलं. सुमनमावशीनं पुढ्यात हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली. "खावा की भाऊ," ती म्हणाली, "पोरगी धडधाकट हाय तुमची." तेव्हा त्यांनी मान हलवली.

घरी दादीमा म्हणाली, "रिवाज आहे. माझं झालं, तुझ्या बायकोचं झालं. आभाळ कोसळलं का?"

"अरवाचं होणार नाही," बावाजी म्हणाले. आईपुढे त्यांनी काढलेला तो पहिला शब्द असावा.

पण किंमत मोजलीस ती तू. कुणी हुकूम काढला नाही, कुणी भांडलंही नाही. फक्त रमझान तोंडावर आला आणि नव्या रिद्याचं काम घेऊन कुणी येईना. ज्या बायका तुला शिरीनबेन, शिरीनबेन करायच्या, त्यांना अचानक दुसरी शिवणारी सापडली. जमातीच्या जेवणात एका थाळाभोवती आठ जणी बसतात, तर तुझ्या थाळाला जागा रिकाम्या राहायला लागल्या. मी लहान होते, मला वाटायचं आपल्याला ऐसपैस बसायला मिळतंय. तू दर वेळी इस्त्रीचा रिदा घालून जायचीस. एकदा मम्मी म्हणाली, "कशाला जाता? अपमान होतो." तू म्हणालीस, "समाज माझा पण आहे की. मी का घरी बसू?"

आणि मग सुमनमावशी धावून आली. तिचा नवरा वैरागच्या एका शाळेत शिपाई होता. तिनं गणवेशाचं काम आणून दिलं. तू रिद्याची लेस बाजूला ठेवलीस आणि निळ्या-पांढऱ्या कापडावर बसलीस. त्या शाळेनंतर बार्शीकडची एक, मग शहरातल्या दोन. ज्या बायकांनी काम काढून घेतलं, त्यांच्या मुली पुढे तुझ्याच हातचे गणवेश घालून शाळेत जाऊ लागल्या. त्यांचं काम घेऊ नकोस, असं तुला कुणी सुचवलं की तू म्हणायचीस, "पोरींचा काय दोष?" आणि त्यांच्या स्कर्टला शिलाई जास्त सोडायचीस, पुढच्या वर्षी उंची वाढवता यावी म्हणून.

तुला दवाखान्यात नेलं ते मी, कॉलेजात असताना. किती मिनतवाऱ्या! पडद्याआड तपासून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि खुर्ची सोडून तुझ्याजवळ स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "जुन्या जखमेची गाठ झालीय, आणि सारखं इन्फेक्शन होतं ते त्यामुळेच. काढता येईल. आणि शिरीनताई, ही तुमच्या शरीराची खोड नाही. हे कुणीतरी केलेलं आहे."

तू म्हणालीस, "माहितीय मला. पण दुसऱ्याच्या तोंडून आज ऐकलं."

छोटंसं ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी आपण पुण्याला बसनं गेलो, तर इंदापूरजवळ तू पूर्ण बाटली पाणी प्यायलीस आणि माझ्याकडे बघून अशी हसलीस! मी तुला तसं हसताना आधी पाहिलंच नव्हतं. जन्माची तहान होती तुझी.

त्या पुण्याच्या फेरीतच आपलं भांडण सुरू झालं. तिथे या प्रश्नावर बायकांची सभा होती. मला वाटत होतं, तू व्यासपीठावर जाऊन बोलावंस, नाव सांगावंस, चेहरा दाखवावास. तू मागच्या रांगेत बसलीस आणि बसूनच राहिलीस. परतताना मी फणकारले, "मग उपयोग काय? गप्प राहून हे थांबणार आहे?"

"मला विचारतील, कुणी नेलं होतं," तू म्हणालीस. "काय सांगू? आईनं? ती घरी माझी वाट बघतेय. तिला गोळ्या द्यायच्यात."

"तिनंच तर..."

"तिनंच. मला ठाऊक आहे, अरवा. तू मला नको सांगू."

वर्षानुवर्षं आपण हे भांडलो. तुझं चुकलं असं मला आजही वाटतं. तू बोलली असतीस तर एखादी आई थांबली असती, एखादी मुलगी वाचली असती. आणि तरीही दादीमाच्या शेवटच्या आजारात मी जे पाहिलं, त्यानंतर माझा आवाज खाली आला.

दादीमा अंथरुणाला खिळली. मला वाचवलंस म्हणून जिनं तुझ्याशी वर्षभर अबोला धरला होता, तिला तू आंघोळ घालायचीस, कूस वळवायचीस. नर्स ठेवू म्हटलं तर ऐकायला तयार नव्हतीस. एकदा तू बाहेर येऊन पायरीवर बसलीस. मला म्हणालीस, "आज अंग पुसताना बघितलं. तिचं माझ्याहून वाईट आहे. साठ-सत्तर वर्षं ती हे कसं वागवत आली असेल? तिनं बघितलं मी बघतेय ते. डोळे मिटून घेतले. मी पावडर लावली."

दादीमानं तुझी माफी कधी मागितली नाही. पण माझं तेव्हा नवीन लग्न झालं होतं, आणि एका दुपारी तू तिचे केस विंचरत असताना तिनं तुला विचारलं, "अरवाला त्रास होत नाही ना?"

"नाही," तू म्हणालीस. "अरवा मजेत आहे."

"बरं," दादीमा म्हणाली. तू मला हे सांगताना दोनदा सांगितलंस. त्या एका 'बरं'वर तू तिला सगळं माफ केलंस की काय, हे विचारायचं राहून गेलं. मी केलेलं नाही. मला अजून जमलेलं नाही.

आणखी एक राहून गेलं. मी तुझे आभार मानले नाहीत. माझी शाळा बुडली नाही, पाणी प्यायला घाबरले नाही, लग्नात माझं अंग दगड झालं नाही. माझी लेक झैनब जन्मली तेव्हा तू दवाखान्याच्या बाहेर बाकावर तसबीची माळ फिरवत बसली होतीस, आणि बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत कळल्यावर तूच मोठ्यानं रडलीस. त्या दिवशी म्हणायला हवं होतं. पण जे आपल्याला झालंच नाही, त्याबद्दल आभार कोणत्या शब्दांत मानतात? मी तुझ्यासाठी चहा मागवला. तू म्हणालीस, साखर कमी आहे.

आता तुला एक बातमी द्यायचीय.

तू गेल्यावर मी शिलाईच्या खोल्या उघडल्या. सुमनमावशी येऊन बसते, कापड कापते, मध्येच डोळे पुसते. परवा आपल्या समाजातली एक तरुण बाई मुलीला घेऊन आली. गणवेशाचं माप द्यायचं म्हणाली. माप झालं तरी हलेना. मग हळूच म्हणाली, "शिरीनबेननं मला सांगितलं होतं, वेळ आली की ये. सासूबाईंनी पुढच्या आठवड्याचं ठरवलंय. मला माहिती नव्हतं, त्या गेल्या ते."

फुई, मला हे ठाऊकच नव्हतं. अशा किती जणींना तू सांगून ठेवलंयस, देव जाणे. मला क्षणभर तुझा राग आला, मला का नाही सांगितलंस म्हणून. मग मी तिला बसवलं आणि बावाजींना फोन केला. मला वाटलं ते म्हणतील, बायकांचं तुम्ही बघा. ते म्हणाले, "मी येतो. सासूशी मी बोलतो."

काल संध्याकाळी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. सासूबाई तुझ्याहून थोड्या मोठ्या असतील. सरबत दिलं, आदरानं बसवलं. बावाजी टोपी सारखी करत म्हणाले, "बेन, मला बोलता येत नाही नीट. पण माझ्या बहिणीचं काय झालं ते ऐका." आणि त्यांनी सांगितलं. आग, ताप, शाळा, लग्न, सगळं. अडखळत, पण काही न वगळता.

सासूबाईंनी वाद घातला नाही. रिवाज म्हणाल्या नाहीत. त्यांनी नातीला बाहेर खेळायला पाठवलं. बावाजींना म्हणाल्या, "भाई, जरा त्या खोलीत बसता?" ते गेले. मग त्या माझ्याजवळ सरकल्या आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "ती आग व्हायची म्हणाले ना भाई, शिरीनला... ते या वयातही बरं होतं का?"

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, होतं.

उद्या सकाळी मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जाणार आहे. पुढच्या आठवड्याचं रद्द झालंय. नात शाळेत जाईल.

तुझी,
अरवा